पिस्टन रिंगा बसवताना: गॅप, दिशा आणि पाकिटावरचा 'तयार गॅप'

चार_सिलिंडर

नमस्कार मंडळी,

गाडीचं इंजिन पूर्ण खोललं आहे. चार सिलिंडर, पेट्रोल, टर्बो नाही, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७५ मि.मी., बिडाचा ब्लॉक. ऑइल खात होतं आणि चढाला जोर दिला की मागे निळा धूर. कॉम्प्रेशन घेतलं तेव्हा दोन आणि तीन नंबरचे आकडे खाली होते. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं तर दोन्ही वर आले, म्हणून रिंगांवर बोट ठेवलं. मशीन शॉपमध्ये बोअर मोजून घेतला. टेपर (वरच्या आणि खालच्या व्यासातला फरक) आणि गोलाई दोन्ही मर्यादेत निघाले, त्यामुळे रिबोअर (मोठ्या मापाला कापणं) न करता फक्त होनिंग (दगडाने आतून बारीक रेघा पाडणं) करून घेतलं. पिस्टन जुनेच, रिंगा नव्या, स्टँडर्ड साइजच्या.

आता बसवायच्या आधी काही गोष्टी पक्क्या करून घ्यायच्या आहेत.

पाकिटावर 'तयार गॅप' असं लिहिलं आहे. तरी एक टॉप रिंग (सगळ्यात वरची) सिलिंडरमध्ये घालून तिच्या दोन टोकांमधल्या फटीत, म्हणजे गॅपमध्ये, फीलर गेज (ठरलेल्या जाडीची पाती) लावला. एक नंबरमध्ये ०.३० मि.मी. आला आणि तीच रिंग तीन नंबरमध्ये घातली तर ०.३८. मॅन्युअल टॉपसाठी ०.२० ते ०.३५ सांगतं, सेकंडसाठी ०.३५ ते ०.५०. एकच रिंग दोन सिलिंडरमध्ये वेगळी का दाखवते?

सेकंड रिंगेच्या एका बाजूला 'टी' कोरलेलं आहे, ऑइल रिंगेच्या (सगळ्यात खालची, ऑइल खरवडणारी) पातळ पट्ट्यांवर काहीच नाही. त्या कशाही चालतात का?

गॅप कोणत्या दिशेला ठेवायचे याचं मॅन्युअलमधलं चित्र वेगळं आणि पाकिटातल्या कागदावरचं वेगळं. कोणाचं ऐकायचं?

आणि रिंगांना ऑइल किती लावायचं? एक जण म्हणतो भरपूर, दुसरा म्हणतो कोरड्या घाल.

---

मायक्रॉन

प्रश्न बसवायच्या आधी विचारलात हे उत्तम. 'तयार गॅप' म्हणजे कारखान्याच्या नेमक्या मापाच्या बोअरमध्ये तेवढा गॅप येईल. तुमचा बोअर चाललेला आहे, वर होनिंग झालं आहे. त्यामुळे पाकीट काहीही म्हणो, प्रत्येक रिंग तिच्या स्वतःच्या सिलिंडरमध्ये घालून मोजायचीच. चार सिलिंडर, प्रत्येकी टॉप आणि सेकंड, म्हणजे आठ मापं. ऑइल रिंगेच्या आठ पट्ट्याही एकेक करून घालून बघा. त्यांना गॅप मोठा चालतो, फक्त तो फार कमी नसावा. साधारण ०.३८ मि.मी.च्या खाली जाऊ देत नाहीत.

एकच रिंग वेगळी का दाखवते त्याचं गणित सोपं आहे. रिंग बोअरचा परीघ व्यापते, आणि परीघ व्यासाच्या ३.१४ पट असतो. व्यास ०.०१ मि.मी.ने वाढला की गॅप ०.०३ मि.मी.हून थोडा जास्त वाढतो. तुमचा फरक ०.०८ आहे, म्हणजे ज्या खोलीवर मोजलंत तिथे तीन नंबरचा व्यास एक नंबरपेक्षा ०.०२५ मि.मी. मोठा आहे. रिंग आणि फीलर गेज मिळून जवळजवळ बोअर गेजचं काम करतात.

आता मला दोन गोष्टी सांगा. किती खोलीवर मोजलंत? आणि रिंग सरळ बसली होती का? ती हाताने ढकलली की हमखास तिरकी राहते आणि तिरक्या रिंगेचा गॅप खोटा असतो. रिंगा नसलेला पिस्टन उलटा धरून, त्याच्या सपाट माथ्याने रिंग खाली ढकलायची आणि व्हर्नियरच्या शेपटीने तीन-चार ठिकाणी खोली तपासायची.

चाललेल्या बोअरमध्ये गॅप दोन ठिकाणी घ्या: वर, काठापासून साधारण २५ मि.मी. खाली, आणि तळाशी, जिथपर्यंत रिंग जाते त्याच्या शेवटी. झीज वरच्या भागात जास्त होते, कारण स्फोटाचा दाब तिथे असतो आणि ऑइल तिथे कमी पोचतं. तळाचा बोअर जवळजवळ मूळ मापाचा राहतो, म्हणून सर्वात कमी गॅप तिथे मिळतो. किमान मर्यादा तळाच्या मापाला लावायची. वर ०.३० आहे म्हणून निश्चिंत झालो आणि खाली ०.१५ निघाला, तर तापलेली रिंग प्रत्येक फेरीत तिथे जाऊन अडकणार.

---

फीलर_गेज

मायक्रॉन यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात कारणाची भर घालतो, कारण 'गॅप कमी म्हणजे कॉम्प्रेशन जास्त' ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिने इंजिनं मोडतात.

७५ च्या बोअरचा परीघ २३६ मि.मी. धरा. बीड तापल्यावर दर अंश सेल्सिअसला लांबीच्या साधारण ०.००००११ पट वाढतं. टॉप रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली असं मानलं, तर ती भिंतीपेक्षा ०.२६ मि.मी. जास्त लांबते. म्हणजे ०.३० मधला बहुतेक गॅप चालू इंजिनात भरून निघतो. 'बोअर गुणिले ०.००४' हा जो नियम वापरतात तोही इथे ०.३० च देतो. टर्बो इंजिनात उष्णता जास्त, म्हणून तिथे ०.००५ ते ०.००६ ने गुणतात.

गॅप उरलाच नाही की रिंगेची दोन टोकं एकमेकांना भिडतात. तिला लांबायला जागा नाही, मग ती भिंतीवर दाबली जाते, बोअर ओरखडते, पिस्टनचा माथ्याजवळचा काठ उचकटते किंवा स्वतः तुटते. याउलट गॅप ०.०५ ने जास्त राहिला तर गळतीची वाट केवढी? रुंदी ०.०५ मि.मी. आणि खोली म्हणजे पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट. नगण्य. शंका असेल तिथे मोठ्या बाजूला चुकावं.

सेकंडचा गॅप टॉपपेक्षा मोठा का, हेही सांगून ठेवतो. टॉपमधून निसटलेला थोडा वायू दोन रिंगांच्या मध्ये येतो. सेकंडमधून तो खाली गेला नाही तर तिथे दाब साठतो आणि टॉप रिंगेला खालून उचलतो. उचललेली रिंग खाचेच्या तळाशी टेकत नाही आणि बंदिस्तपणा जातो. जुन्या पुस्तकांत सेकंडचा गॅप कमी दिलेला दिसेल, त्यावरून गोंधळू नका. तुमचं मॅन्युअल बरोबर सांगतंय.

---

चार_सिलिंडर

आभारी आहे. सकाळी सगळं पुन्हा मोजलं, उलट्या पिस्टनने ढकलून, वर आणि खाली.

टॉप रिंग, एक नंबर: वर ०.३०, तळाशी ०.२८.
तीच रिंग, तीन नंबर: वर ०.३८, तळाशी ०.३१.

दोन आणि चार या दोघांच्या मधे आहेत. सेकंड रिंगा तीन ठिकाणी ०.४० च्या आसपास, पण चार नंबरची तळाशी ०.३३ दाखवते, म्हणजे मॅन्युअलच्या किमानपेक्षा कमी.

---

मायक्रॉन

छान. तीन नंबरमध्ये वर-खाली फरक ०.०७, म्हणजे टेपर साधारण ०.०२२ मि.मी. मशीन शॉपने मर्यादेत म्हटलं ते बरोबर आहे. वरचा ०.३८ नव्या रिंगेच्या मापापेक्षा किंचित जास्त आहे, पण तेवढ्यावर रिबोअरला जाऊ नका. त्याऐवजी चारही टॉप रिंगा तीन नंबरमध्ये घालून बघा. एकाच पाकिटातल्या रिंगांतही दोन-चार शतांश मि.मी.चा फरक असतो. ज्या रिंगेचा गॅप सर्वात कमी येईल ती तीन नंबरला द्या, सर्वात जास्तवाली एक नंबरला. मग प्रत्येक सिलिंडरचा संच वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नंबर. इथून पुढे अदलाबदल नाही.

चार नंबरची सेकंड रिंग घासावी लागेल. कानस बारीक दाताची घ्या आणि कानस व्हाइसमध्ये पकडा, रिंग हातात. रिंग व्हाइसमध्ये आवळली तर तुटेल. एकच टोक घासायचं, दुसरं मूळचं राहू द्यायचं, म्हणजे निदान एक बाजू चौकोनी असल्याची खात्री राहते. घासायची दिशा बाहेरून आत, म्हणजे भिंतीला लागणाऱ्या कडेकडून रिंगेच्या मध्याकडे. परतीच्या फटक्याला रिंग उचलून घ्या. आतून बाहेर ओढली तर बाहेरच्या कडेचा टवका निघतो. तुमची सेकंड साध्या बिडाची असेल, पण टॉपवर मॉलिब्डेनम किंवा क्रोमचा थर असतो आणि तो उडाला की रिंग वाया.

दोन-तीन हलके फटके, पुसणं, सिलिंडरमध्ये घालून मोजणं, पुन्हा दोन-तीन फटके. ०.०३ मि.मी. म्हणजे फारच थोडं, घाईत ०.१० कधी झालं कळत नाही. शेवटी टोक उजेडासमोर धरा: दोन्ही टोकं जवळ आणल्यावर मधली फट वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची दिसली पाहिजे, पाचरीसारखी नको. कडांचा बर (घासल्यावर उरलेली धारदार किनार) बारीक ऑइलस्टोनने फक्त स्पर्श करून काढा. कडा गोल करू नका.

---

ग्रीसमाखले

गॅपचं झालं, पण मंडळी, ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त रिंगा मरतात ती अजून कोणी काढली नाही. होनिंग झाल्यावर बोअर धुतला का?

मशीन शॉपमधून ब्लॉक पुसून येतो, चकचकीत दिसतो. तो स्वच्छ नसतो. होनिंगच्या दगडाची पूड त्या रेघांत घट्ट बसलेली असते. पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसलं तर ऑइल निघून जातं आणि पूड रेघांत आणखी आत जाऊन बसते. ही पूड म्हणजे घासणारं द्रव्य आहे, इंजिन सुरू झालं की ती रिंगा, पिस्टन आणि पुढे बेअरिंगही खाते.

गरम पाणी आणि साबणाचा फेस, नायलॉनचा ब्रश, आणि घासायचं. वरखाली, फिरवत, प्रत्येक बोअर. मग खळखळून धुवायचं, हवेने लगेच वाळवायचं आणि वाळता क्षणी ऑइलचं बोट फिरवायचं, नाहीतर बोअरवर बघता बघता तांबूस गंज धरतो. त्यानंतर ऑइलमध्ये भिजवलेलं पांढरं सुती फडकं बोअरमध्ये घट्ट फिरवून बाहेर काढा. करडं निघालं? पुन्हा साबण-पाणी. फडकं पांढरं निघेपर्यंत थांबायचं नाही. ऑइलच्या गॅलऱ्याही (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटा) याच वेळी ब्रशने साफ करून हवा मारून घ्या, कारण धुतलेलं पाणी त्यांत शिरलेलं असतं.

दुसरं, बोअरच्या वरच्या काठाला नख लावून बघा. टॉप रिंग जिथे थांबते त्याच्या वर न झिजलेला कडा राहतो. नख अडकलं तर तो कडा रिज रीमरने काढून घ्यायचा. जुन्या रिंगेची कड झिजून गोल झालेली असते, ती त्या कड्याला लागत नाही. नवी रिंग चौकोनी असते, ती दर फेरीला तिथे आदळते आणि टॉपच्या खालची पिस्टनची पट्टी फुटते.

तिसरं, पिस्टनच्या खाचा. जुनी रिंग मोडून तिच्या टोकाने कार्बन खरवडायची पद्धत चांगली आहे, पण फक्त कार्बन निघाला पाहिजे, ॲल्युमिनियम नाही. खाचेच्या वरच्या-खालच्या भिंतीवर ओरखडा गेला तर तिथूनच वायू निसटतो. ऑइल रिंगेच्या खाचेतली छोटी भोकं तारेने मोकळी करा. रिंगेने खरवडलेलं ऑइल त्यांतूनच परत जातं. तुमची गाडी ऑइल खात होती त्याचं अर्धं कारण तिथेच सापडेल असा माझा अंदाज आहे.

---

चार_सिलिंडर

ग्रीसमाखले काका, रिमझिम पावसासारखे थेंब पडावेत तसं करडं पाणी निघालं ब्लॉकमधून. डोळ्यांना तो अगदी स्वच्छ दिसत होता. फडकं तिसऱ्या बोअरला सगळ्यात जास्त वेळ करडं येत राहिलं. आता चारही पांढरे आहेत. नख कुठेच अडकत नाही.

ऑइल खाचेची भोकं बघितली. दोन नंबर पिस्टनची जवळपास सगळी दगडासारख्या कार्बनने बुजलेली होती. ऑइल रिंग खाचेत चिकटून बसलेली, बोटाने हलतच नव्हती.

---

फीलर_गेज

मग खाचेची उभी फटही मोजून घ्या, पिस्टन जुने आहेत म्हणून. नवी रिंग बाहेरूनच खाचेत घालून पूर्ण घेर फिरवायची, कुठे अडकू नये. मग रिंग आणि खाचेची भिंत यांच्यात फीलर गेज. नव्या पिस्टनला साधारण ०.०३ ते ०.०७ मि.मी. येतं. ०.१५ चं पातं सहज जात असेल तर तो पिस्टन ठेवू नका. रिंग खाचेत वरखाली नाचली की दर फेरीला ऑइल वर उचलते, आणि मग गॅप कितीही अचूक असो, धूर जाणार नाही. टॉपची खाच सर्वात जास्त झिजते, तिच्यापासून सुरुवात करा. रिंग खाचेत दाबल्यावर ती पिस्टनच्या पृष्ठभागाच्या थोडी आत गेली पाहिजे, हेही बघा.

---

चार_सिलिंडर

सगळ्या टॉप खाचा ०.०५ ते ०.०७. वाचलो.

आता 'टी' चा प्रश्न राहिला.

---

मायक्रॉन

खूण नेहमी वर, पिस्टनच्या माथ्याकडे. 'टी', 'टॉप', 'आर', 'एन', नुसता ठिपका, काहीही असो, खुणेची बाजू वर.

सेकंड रिंग उलटी गेली तर काय होतं ते कळलं की ही गोष्ट कधी विसरणार नाही. सेकंडचा बाहेरचा चेहरा सरळ नसतो, तो किंचित निमुळता असतो: वरची कड आत, खालची कड बाहेर. भिंतीला फक्त खालची कड टेकते. पिस्टन खाली जाताना ती कड भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली नेते, वर येताना तिरक्या चेहऱ्यामुळे ऑइलवरून घसरत जाते. उलटी घातली की हेच काम उलटं होतं, दर फेरीला ऑइल खरवडून वर दहनकक्षात. इंजिन नवं, कॉम्प्रेशन ठीक, आणि धूर आधीपेक्षा जास्त. काही सेकंड रिंगांच्या खालच्या कडेला आकड्यासारखी खाच असते, ती खाच दिसली की ती बाजू खाली. हा निमुळतेपणा इतका कमी असतो की डोळ्यांनी ओळखू येत नाही, म्हणून खुणेवरच चालायचं.

टॉप रिंगेच्या आतल्या कडेला तिरका छाट असेल आणि खूण नसेल, तर छाट सहसा वर येतो. सेकंडला आतला छाट खाली असू शकतो. पण खूण असली की छाटाकडे बघू नका.

तीन तुकड्यांच्या ऑइल रिंगेच्या पातळ पट्ट्यांना वर-खाली नसतं, त्या कशाही चालतात. तिथे लक्ष द्यायचं ते मधल्या एक्सपांडरकडे, म्हणजे पट्ट्यांना बाहेर दाबणाऱ्या स्प्रिंगसारख्या तुकड्याकडे. त्याची दोन टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. टोकांना बहुधा दोन रंग दिलेले असतात, पट्ट्या बसवल्यावर दोन्ही रंग दिसले पाहिजेत. एकच दिसला तर टोक चढलेलं आहे. मग एक्सपांडरचा घेर लहान होतो, पट्ट्यांना दाब मिळत नाही आणि ऑइल रिंग नावालाच उरते.

---

डिझेलवाला

बऱ्याच डिझेल इंजिनांना दोन तुकड्यांची ऑइल रिंग असते, आत स्प्रिंग आणि बाहेर बिडाची रिंग. तिथे स्प्रिंगचा जोड रिंगेच्या गॅपच्या बरोबर समोर, १८० अंशांवर. स्प्रिंगच्या टोकातली तार दुसऱ्या टोकात गेली की नाही ते बघा. कोणी हा धागा वाचून डिझेल खोललं तर उपयोगी पडेल.

---

ग्रीसमाखले

चढवायचा क्रम: आधी ऑइलचा एक्सपांडर, मग त्याच्या पट्ट्या, मग सेकंड, शेवटी टॉप. ऑइलच्या पातळ पट्ट्या हाताने फिरवत चढवायच्या, त्या लवचीक असतात. बाकी दोन रिंगा उघडायच्या चिमट्यानेच (त्यालाही रिंग एक्सपांडरच म्हणतात). टॉप आणि सेकंड हाताने स्क्रूसारख्या फिरवत चढवणारे खूप आहेत. रिंग तेव्हा पिळली जाते आणि तो पीळ कायमचा राहतो. सपाट काचेवर ठेवून बघा, एक टोक वर उचललेलं दिसेल. तशी रिंग खाचेत सपाट बसत नाही. त्या चिमट्यानेही गरजेपेक्षा जास्त उघडू नका, पिस्टनवरून जेमतेम सरकेल एवढीच.

चढवल्यावर प्रत्येक रिंग बोटाने फिरवून बघा. टॉप आणि सेकंड मोकळ्या फिरल्या पाहिजेत. ऑइल रिंगेला एक्सपांडरचा थोडा विरोध जाणवेल, ते बरोबर आहे.

---

नट_बोल्ट

गॅपच्या दिशांबद्दल एवढं डोकं कशाला? चालू इंजिनात रिंगा फिरतातच. खोलल्यावर गॅप घातले तिथे सापडत नाहीत.

---

मायक्रॉन

फिरतात हे खरं. तरीही सुरुवातीची मांडणी नीट हवी, कारण रिंगा बोअरशी जमतात ते पहिल्याच तासांत, आणि तेव्हा गॅप एका रेषेत असले तर गरम वायू थेट खाली उतरतो. शिवाय एक्सपांडरच्या जोडावर पट्टीचा गॅप आला तर ती तिथे खचते.

चार_सिलिंडर, तुमच्या दोन चित्रांतला वाद फार मोठा नसणार. इंजिनाचं मॅन्युअल आहे तर तेच धरा. बहुतेक चित्रांत सारखं असतं ते एवढं: टॉप आणि सेकंडचे गॅप एकमेकांच्या समोर, जवळपास १८० अंशांवर. कोणताही गॅप थ्रस्टच्या बाजूला नको, म्हणजे ज्या बाजूला स्फोटाच्या वेळी पिस्टन भिंतीवर दाबला जातो तिथे. पिस्टन पिनच्या रेषेतही नको. ऑइलच्या दोन पट्ट्यांचे गॅप एक्सपांडरच्या जोडापासून दूर आणि एकमेकांपासूनही दूर.

---

ग्रीसमाखले

आणि ऑइल किती? माझं मत स्पष्ट आहे. बोअरला बोटाने ऑइलचा पातळ थर, पिस्टनच्या स्कर्टला (रिंगांखालचा भाग) आणि पिनला नीट ऑइल, रिंगांना हलकं. ऑइलच्या डब्यात पिस्टन बुडवून काढू नका. रिंगांमागे साठलेलं ऑइल पहिल्या धुरात जळतं आणि चिकट थर करतं, मग रिंगा भिंतीशी घासून जमायला हव्यात त्या जमत नाहीत. पूर्ण कोरडं मी घालत नाही. काही रिंगवाले तसं सांगतात, तुमच्या पाकिटातल्या कागदावर स्पष्ट लिहिलं असेल तर त्यांचं ऐका.

पिस्टन घालताना: कनरॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर बोल्ट क्रँकच्या जर्नलला ओरखडा मारतो. त्या सिलिंडरचा क्रँक तळाला. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण टायमिंगच्या बाजूला. रॉड आणि कॅप ज्याची त्याला, नंबर जुळवून. रिंग कॉम्प्रेसर आवळून ब्लॉकवर सपाट टेकवा, एका हाताने दाबून धरा, आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोका. ठोक हलका आणि एकसारखा. प्रत्येक रिंग आत जाताना हाताला कळते.

थांबला की थांबा. पिस्टन जागच्या जागी अडला तर कॉम्प्रेसरमधून रिंग निसटून काठावर आली आहे. बहुतेक वेळा ती ऑइलची पट्टीच असते. आणखी एक ठोक दिला की ती तुटली किंवा खाचेची कड फुटली. बाहेर काढा, बघा, पुन्हा आवळा.

प्रत्येक पिस्टन बसला की बिग एंडचे (कनरॉडच्या क्रँककडच्या टोकाचे) नट मॅन्युअलच्या टॉर्कने आवळून क्रँक हाताने पूर्ण फिरवा. दर पिस्टनला जोर थोडा थोडा वाढेल. एखाद्याला तो एकदम वाढला तर पुढचा घालू नका, तिथेच शोधा.

---

चार_सिलिंडर

चारही गेले. दोन नंबरला ऑइलची खालची पट्टी निसटली होती. ठोकताना आवाज बदलला म्हणून थांबलो, बाहेर काढलं, पट्टी शाबूत होती. चौथ्यानंतर क्रँक सारख्या जोराने फिरतोय, कुठे झटका नाही.

हेड बसवून झालं की सुरू करतो. पहिल्या सुरुवातीला काय करू? अर्धा तास आयडलवर ठेवायचं असं ऐकलंय.

---

फीलर_गेज

आयडलवर अर्धा तास अजिबात नको. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः स्वतःच्या ताणाने नव्हे, टॉप रिंगेच्या मागे शिरणाऱ्या वायूच्या दाबाने. आयडलला तो दाब फार कमी. रिंग होनिंगच्या रेघांच्या उंच टोकांवरून नुसती सरकते, टोकं गुळगुळीत होतात, बोअरला चकाकी येते आणि मग ती रिंग पुढे बसत नाही.

आधी प्लग काढून स्टार्टरने फिरवा, ऑइल प्रेशर आलं की प्लग लावून सुरू करा. गळती, प्रेशर, तापमान बघा. गरम झालं की रस्त्यावर. तिसऱ्या-चौथ्या गिअरला मध्यम वेगावरून अर्ध्याहून थोडा जास्त थ्रॉटल देऊन वेग वाढवा, मग पाय पूर्ण काढून गिअरमध्येच गाडी मंद होऊ द्या. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, ती भिंतीवर थोडं ऑइल आणते आणि घासलेले कण धुऊन नेते. असं काही वेळा, मध्ये थंड व्हायला सवड देत. एकाच वेगावर लांब जाऊ नका, कमी आरपीएमला जोर देऊन इंजिन घुसमटवू नका, रेड लाइनजवळ नेऊ नका.

एक अपवाद. फ्लॅट टॅपेटचं (कॅमवर सपाट तळाने घासत चालणाऱ्या टॅपेटचं) इंजिन असेल आणि कॅम नवा असेल, तर सुरू केल्यावर सुमारे २० मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवायला सांगतात. ते कॅमसाठी असतं. तुमचा कॅम जुनाच आहे, तुम्हाला लागू नाही.

ऑइल साधं मिनरल, मॅन्युअलच्या ग्रेडचं. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

---

चार_सिलिंडर

अपडेट. पहिलं ऑइल बदललं. फिल्टर कापून पाहिला, त्यात चमकणारी बारीक करडी पूड होती, तुकडे नाहीत. कॉम्प्रेशन थ्रॉटल पूर्ण उघडून, चारही प्लग काढून घेतलं. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या ५ टक्क्यांच्या आत आहेत. चढाला धूर नाही. पातळी अजून किंचित उतरते, डिपस्टिकवर जेमतेम कळेल इतकी.

---

मायक्रॉन

सुरुवातीला तेवढं उतरतं, पूर्ण जमायला वेळ लागतो. दर वेळी गाडी सपाट जागी, थंड इंजिनावर मोजा म्हणजे तुलना खरी होईल. सकाळी सुरू करताना किंवा उतारावर पाय काढून पुन्हा देताना धुराचा झोत आला, तर रिंगांकडे नव्हे, व्हॉल्व्हच्या सील आणि गाइडकडे बघा.

---

डिझेलवाला

पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारा) बदललात का? तो बुजला की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि तो ऑइल रिंगांवरून वर ढकलतो. नव्या रिंगा घालून लोक रिंगांनाच दोष देत बसतात.

---

चार_सिलिंडर

हेड बसवतानाच बदलला. नवा कानाजवळ हलवला तर आत खुळखुळ वाजतो, जुना वाजतच नव्हता.